अकरापर्यंत मोजलं की एक

पौषाचं बिल आलं, दोनशे चौदा युनिट.
ह्यांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला,
म्हणाले, मीटर पळते.
पळेल कुठं?
ओसरीच्या भिंतीला चार स्क्रूंनी धरून ठेवलंय त्याला.

रुपराव वायरमन डांबावर चढता चढता सांगून गेला होता :
वहिनी, ती लाल टिकली बत्तीसशे वेळा लुकलुकली
की एक युनिट.
मी प्रांजूची मागच्या वर्षीची गणिताची वही काढली,
उरलेल्या कोऱ्या पानांवर
घर मांडायला बसले.

बादलीत रॉड सोडला
की टिकलीला धाप लागते,
विहिरीवरून दोन गुंड घेऊन धावत आल्यासारखी.
हे रॉड लावतात आणि चौकातल्या शेकोटीवर जातात,
तुरीचा भाव, कोणाच्या पोरीचं जमलं, कोणाचं मोडलं,
तोवर पाणी खदखदतं.
मग त्यात अर्धी बादली गार पाणी ओतून
म्हणतात, आता बरं झालं.
ते ओतलेलं गार पाणी मी वहीत लिहिलं.
कुठल्या रकान्यात, ते कळेना.

फ्रिजमध्ये अर्धं लिंबू, कोथिंबिरीची काडी.
बाहेर सात डिग्री.
पिन काढली. सायीचं भांडं खिडकीत ठेवलं,
वरून पाटा, मांजरासाठी.

जाऊ म्हणाली, बंब पेटव ना, पऱ्हाटी पडलीच आहे ढीगभर.
पेटवला असता.
पण बंब पेटवा म्हणणारं माणूस
फुंकणी हातात घेताना मी पाहिलं नाही अजून.
माझे डोळे पंधरा वर्षं धुरात होते,
ते मी युनिटमध्ये मोजणार नाही.
काळा ड्रम टिनावर चढवला, उन्हात.
पोरांची आंघोळ शाळेतून आल्यावर.
बादलीवर झाकण.
चौकात जायचं तर रॉड काढून जायचं, असं ह्यांना
एकदाच सांगितलं, पण असं सांगितलं
की शेकोटीवरच्या लोकांनाही ऐकू गेलं.

एका रात्री सगळं बंद केलं.
टीव्हीच्या डब्याचा तो हिरवा डोळासुद्धा.
शाल घेऊन ओसरीवर बसले, अंधारात.
टिकली लुकलुकली.
एक, दोन, तीन... अकरा,
पुन्हा लुकलुकली.
परत मोजलं. परत अकरा.
घर झोपलेलं, आणि कोणीतरी जागं होतं.

वायरीचा माग काढत गेले,
न्हाणीमागून, कवेलूखालून, थेट गोठ्यात.
टोपल्यात शंभराचा बल्ब,
बल्बाखाली चिंधीची तीन करडं, तीन दिवसांची,
एकमेकांच्या पाठीवर मान टाकून.
शेजारी मामंजी, कानाला मफलर.
मी काही बोलायच्या आत म्हणाले,
"थंडीले मीटर वाचता येते काय वं?"

रात्रीचा सव्वा युनिट. मी हिशेब केला होता.
सांगितला नाही.
वहीत लिहिलं : करडं. पुढची जागा कोरी ठेवली.

रोज रात्री ओसरीवर बसायची सवयच लागली.
अकरापर्यंत मोजायचं, टिकली दिसली की निजायला जायचं.
तिकडे सगळं ठीक आहे, एवढंच.

संक्रांतीनंतर थंडी उलटून आली,
टाक्यातल्या पाण्यानं बोटं तुटत होती.
मोजलं. अकरा.
बारा. वीस.
पन्नासला मी चप्पल न घालता पळाले.

टोपलं रिकामं. बल्ब काढून खुंटीला टांगलेला.
बाजेवर मामंजींच्या गोधडीतून
तीन तोंडं बाहेर, चौथं त्यांचं.
"तुयं मोजनं आयकू येते रोज," ते म्हणाले,
"झोप होत नाई मायी."

बिल आलं, एकशे एकोणचाळीस.
ह्यांनी उलटं धरलं, सुलटं धरलं,
म्हणाले, मीटर बिघडलं वाटते.

गोधडीला करडांचा मुताचा वास, चार हात लांबून येतो.
धुवायला दोन बादल्या कढत पाणी लागलं,
रॉडचं.
वहीत लिहिलं नाही.