खपल्या

आर्देनच्या जंगलात नोव्हेंबर म्हणजे नुसता चिखल.
त्यातून स्प्रूसचे ओंडके ओढते आमची फोवेत,
साडेआठशे किलोंची घोडी,
आणि चारी खुरांवर तिच्या पांढऱ्या केसांची झालर.
त्या झालरीवर ओदिलोंचा जीव.
(माझ्या केसांकडे इतकं निरखून कधी पाहिलंय त्यानं?
जाऊ दे.)

परवा ती पाय उचलू देईना.
झालरीत बोटं घातली तर सगळं खडबडीत,
शिळ्या ओल्या पावाचा वास,
पिवळट खपल्या आणि खाली लाल, चिघळलेलं.
झालं. हा हात धुऊन लागला तिच्या पायांमागे.
सकाळी साबण, संध्याकाळी साबण,
नखानं एकेक खपली उपटायची,
आणि ती कान मागे पाडून थरथरायची, बिचारी.

डॉक्टर सोलांज आल्या. वाकल्या. हुंगलं.
"धुऊन धुऊनच वाढवलंत की हो.
केस कापा. पाय कोरडे ठेवा.
आणि खपल्या ओढून काढू नका,
मऊ झाल्या की येतात आपसूक."

केस कापा म्हटल्यावर हा अंगणात निघून गेला.
कातरी मीच चालवली.
एवढ्या थोरल्या देहाखाली
ते उघडे, गुलाबी घोटे,
दवाखान्यात पायमोजे काढून बसलेल्या म्हातारीचे असावेत तसे.

आज भाचीचं लग्न, बास्तोनला.
न्हाऊन आले तर केस वाळवायचं यंत्र जागेवर नाही.
स्वयंपाकघरातून एक वायर निघालेली,
अंगण ओलांडून, तबेल्याच्या दारातून आत.

गवतात गुडघे टेकून बसला होता,
लग्नाचा सदरा घालून,
गरम वारा तिच्या घोट्यांवर धरून.
फोवेतचा खालचा ओठ लोंबत होता, डोळे अर्धे मिटलेले.
चाळीस वर्षांत माझ्यापुढे... असो.

डोक्याला टॉवेल गुंडाळून मी दारात उभी.
"गाएतान येतोय लग्नाला," मी म्हटलं.

आमचा मुलगा. आता ते मोठं यंत्र चालवतो,
फोवेतचं महिन्याचं काम दिवसात उरकणारं.
दोन वर्षं बाप-लेक बोललेले नाहीत.

ओदिलों काही बोलला नाही.
यंत्र तेवढं या हातातून त्या हातात गेलं.
माझी जीभ शिवशिवत होती,
पुढचं वाक्य तर अगदी नखाशी आलेलं.

मग म्हटलं,
"उजवा मागचा बघ. ओला आहे अजून."