मानस

आगरवाड्याच्या मानशीवर माझी एकोणतीस वर्षं गेली.
मटीच्या लाकडाची दोन दारं,
भरतीला आपली आपण मिटतात, सुकतीला उघडतात.
माझं काम एवढंच:
ओंडका अडकला तर काढायचा, शेवाळ खरवडायचं,
आणि रात्री पाणी उतरताना जाळं लावून
कंदिलाशी बसायचं.
शेताने वापरलेलं पाणी शेतात ठेवू नये, बापूस म्हणायचा.
खाडी घेते. तिला विचारावं लागत नाही.

आता मंगळवार, गुरुवार, शनिवार म्हापशाला.
सिस्टर इमेल्दा आधी काट्यावर उभा करते.
"शाबू, पेज किती प्यालास?"
दोन वाट्या, म्हणतो मी.
काटा चार म्हणतो.
अंगावर चढलंय ते मांस नव्हे,
न मुतलेलं पाणी.

डॉक्टरने कागदावर नावं लिहून दिली,
युरिया, क्रिएटिनीन.
चाललं, रागावलं, नुसतं झोपून राहिलं
तरी आत राख पडतेच, म्हणाला.
साठ वर्षं ती कोण उचलत होतं
मी वळून पाहिलं नाही.
कमरेमागे दोघे, मुठीएवढे.
एक दिवस खाडा नाही.

डाव्या हातात शिरेला शीर जोडलीय.
नात तिथे कान लावते,
"आजोबा, तुझ्यात होडीचं इंजिन."

शेजारच्या खाटेवर कायतान, शिवोलीचा रेंदेर.
जन्मभर माडावर चढला, त्याला शहाळं बंद.
मी मिठागरातला, मला मीठ बंद.
चार तास आम्ही एकमेकांना
काय काय खाल्लं होतं ते सांगतो.
बांगड्यावर येऊन तो गप्प होतो.

यंत्राची एक नळी भिंतीत जाते.
पोराला विचारलं, हे पाणी पुढे कुठे?
"टाकीत."
मग?
त्याला माहीत नव्हतं.
मानस राखणाऱ्याला हे कसं माहीत नसेल.

परतीच्या बसमधून कायतान शिवोलीला उतरतो.
पुढे पूल.
खाली होड्यांची तोंडं वरच्या अंगाला वळलेली,
म्हणजे सुकती लागली.
जीभ टाळूला चिकटलेली. एक घोट उद्याच्या हिशेबातला
आजच घेऊ का, असं मनात येतं.
त्याऐवजी पुतण्याला फोन लावतो.
डाव्या दाराखाली दगड बसलाय,
नीट मिटत नाही ते.
पाणी आहे तोवर हात घाल, काढ.
हो हो, म्हणतो.
मागच्या सुकतीलाही हो म्हणाला होता.