एक वीत, वर बोटभर

रायेन ऑकलंडला गेली त्या वर्षी
आईनं शाळेच्या भंगारातून पृथ्वीचा गोल आणला,
दक्षिण ध्रुवाला पोचा आलेला.
पांढऱ्या लोकरीचं एक टोक
सांतियागोवर अंगठ्यानं दाबून धरलं, दुसरं ताणलं.
धागा समुद्रावरून सरळ जाईना,
घसरून खाली, बर्फाकडे झुकला.
"ओढलं की तिकडंच पळतोय," ती म्हणाली,
आणि हातानं मोजलं:
एक वीत, वर बोटभर.

मी सांगितलं, साडेनऊ हजार किलोमीटरच्या वर.
जाताना तेरा तास, येताना अकरा,
वारा पाठीशी असतो म्हणून.
"म्हणजे येणं सोपं," ती म्हणाली.

नऊ वर्षांत रायेन दोनदा आली.

डॉक्टरांनी मान हलवली तेव्हा इथे शनिवारची संध्याकाळ,
तिकडे रविवार उजाडून वर आलेला,
ती वृद्धाश्रमात दुसऱ्यांच्या आयांना भरवत होती.
विमान रविवारी संध्याकाळी सहाला सुटलं.
आई रविवारी सकाळी दहाला गेली.
विमान रविवारी दुपारी एकला उतरलं.
यातलं काहीही खोटं नाही.

तेओदोलिंदा मावशीनं जमिनीवर पडलेला
बोर्डिंग पासचा तुकडा उचलला, चष्मा लावला.
"हिची आई सकाळी गेली, आणि ही निघाली संध्याकाळी?"
मेणबत्त्यांपाशी बसलेल्या बायकांनी माना वळवल्या.
मी गोल आणला, टॉर्च धरला,
तारखेची रेघ दाखवली, सोळा तासांचा फरक सांगितला.
मावशी म्हणाली, "बेलिसारियो, लिहिलंय ते लिहिलंय."
रायेन काही बोलली नाही,
कपबशा विसळायला आत गेली.

मध्यरात्री तिनंच विचारलं, दहाला मी कुठे असेन?
मी धागा लावला.
अकरातले आठ तास.
नख जिथे टेकलं तिथे नाव छापलेलं नाही,
नुसता निळा, थोडा उडालेला.
बराच वेळ ती तिथेच बघत राहिली.
"ट्रॉली आली होती बहुतेक.
मी टोमॅटोचा रस मागितला. बर्फ नको म्हटलं."

बुधवारी रात्री परत गेली.
अंधारातून अंधारात, आणि उतरली ती थेट शुक्रवारी पहाटे.
मधला गुरुवार तिला उगवलाच नाही.
मला उगवला.
आईची गादी उन्हात टाकली,
रेडिओतले सेल काढले,
पोस्टमन आला, त्याला सांगावं लागलं.
मग लोकर गुंडाळायला घेतली.
एक टोक नव्यासारखं पांढरं.
दुसरं, सांतियागोकडचं,
अंगठा ठेवून ठेवून
काळं पडलेलं.