यीस्टच्या कंपनीचं इतिवृत्त

तुर्कूत त्या मार्चला औरा नदी अर्धी गोठलेली, अर्धी वाहती.
काचेच्या खोलीत सात सभासद, एक पडदा,
आणि टेबलाच्या टोकाला मी, कागद घेऊन.
इतिवृत्त लिहिणारीला मत नसतं.
तिने वेळ नोंदवायची:
नऊ वाजून दहा मिनिटं. कॉफी आली.

आम्ही यीस्ट विकतो. तोफा नव्हे, तेल नव्हे.
मेणकागदातल्या पिवळट मऊ वड्या,
पीठ रात्रीतून फुगावं एवढंच त्यांचं काम.
"पावावर कुणी बहिष्कार घालतं का?" टाउनो म्हणाला.
कुणी हसलं नाही. त्यालाही हसवायचं नव्हतं.

मार्यूतने पडद्यावर एक ऑर्डर आणली.
वोलोग्दाचा आमचा कारखाना. अकरा टन.
गिऱ्हाईकाच्या जागी नाव नाही, नुसता एक आकडा.
"पलटणीची बेकरी आहे."
यीस्टला काय कळतं, कुणाच्या पोटात जायचंय ते.
"आपल्याला कळतं," ती म्हणाली
आणि चष्मा पुसत राहिली,
पुसून झाल्यावरही.

कुइस्मा वकिलाने तोटा वाचून दाखवला,
यंत्रं, येणी, रूबलची घसरण,
श्वास न घेता.
"बाकीच्या कंपन्या काय करताहेत?"
हा प्रश्न त्या सकाळी तीनदा आला.
मी एकदाच लिहिला.

खारकीवहून ओलेस्याची ईमेल होती, शुक्रवारची.
एप्रिलचा माल पाठवू नका.
भट्टी ठीक आहे, वर छप्पर नाही.
मागचं बिल आज भरते आहे.
आणि खरंच, त्याच दुपारी पैसे जमा झालेले,
वरच्या चौदा सेंटांसकट.
हे कुठल्या मुद्द्याखाली घालायचं?
मी लिहिलं: इतर विषय.
खोडलं.
पुन्हा तेच लिहिलं.

अकराला वोलोग्दा जोडलं गेलं.
रिम्मा अर्काद्येव्ना. एकवीस वर्षं कारखान्याच्या किल्ल्या तिच्या पर्समध्ये.
मागच्या भिंतीवर कॅलेंडर, आमचंच, गेल्या वर्षीचं.
युद्ध हा शब्द तिने तोंडातून काढला नाही.
तिथे त्या शब्दाला दंड बसतो.
ती "हवामान" म्हणाली.
हवामान असं असताना बासष्ट माणसं रोज मला विचारतात.
मग एकदम:
"आम्ही थांबायचं का?"

दुभाष्या अडखळला.
थांबायचं म्हणजे बंद करायचं,
की थांबायचं म्हणजे वाट पाहायची?
सगळे आपापल्या कपात बघत होते.
त्या एका शब्दात दोन्ही मावत होतं,
आणि आमच्या ठरावातही दोन्ही मावावं
म्हणूनच तर कुइस्मा पहाटे पाचपासून खपला होता.

ठराव असा:
कारखाना रिम्माला विकावा, एक युरोला.
सहा वर्षांच्या आत परत घेण्याचा हक्क राखून.
वर्तमानपत्रांना एकच वाक्य: आम्ही बाहेर पडलो.
ताकाला जायचं,
भांडं पाठीमागे धरायचं.
बाजूने चार, विरुद्ध दोन.
टाउनोचा हात वर होता, पण कशासाठी ते कळलं नाही,
बहुधा खिडकी उघडा म्हणत होता.

"आणि विरजण?" रिम्माने विचारलं.
दर तीन आठवड्यांनी इथून ताजं मूळ जायचं,
बर्फात, बोटाएवढ्या काचेच्या नळीत,
त्यातूनच पुढचे सगळे टन.
नाही, कुइस्मा म्हणाला, ते आता नाही.
"बरं," ती म्हणाली.
"माझ्या फ्रीजमध्ये आहे थोडं.
ते मरत नाही लवकर."

तिने एक युरो कसा भरायचा ते विचारलं.
बँका तर बंद आहेत तुमच्याकडून.
कुणाला माहीत नव्हतं.
हेही मी लिहिलं.

बारा वाजून पाच. सभा संपली.
रिम्मा गेली, तिच्या जागी परत ती ऑर्डर,
अकरा टन, आता आमची नसलेली.
मार्यूत कोट न घालताच बाहेर पडली.
पडदा बंद कसा करायचा ते मला येत नव्हतं,
मी भिंतीतून प्लग काढला.