कळवतो

शनिवारी दहाला शटर वर जातं.
टोलिडोत फेब्रुवारी, रस्त्यांवर मिठाचा पांढरा थर,
आणि काचेमागे मधोमध ती,
नव्या चेहऱ्याची सेडान.
गुरुवारी रात्री ट्रेलरवरून उतरली.
अंगावरचं प्लास्टिक मीच सोलून काढलं,
दोन नखं त्यात गेली.

पहिला आला वॉल्टर काचमारेक,
काचकारखान्यातून निवृत्त.
समोर उभा राहिला, चार पावलं मागे सरला,
पुन्हा पाहिलं.
म्हणाला, ही कुणावर रागावलीय?
माझी जुनी तोंडभर हसते.
मी म्हटलं, आता दिवे बारीक करायची पद्धत आहे.
डोळे बारीक करणाऱ्या माणसाला, तो म्हणाला,
मी कधी पैसे उसने दिले नाहीत.
माहितीपत्रकाची घडी करून त्यानं टोपीत ठेवली.

नादिया हद्दाद रात्रपाळी संपवून थेट आलेली,
गळ्यात अजून हॉस्पिटलचं ओळखपत्र.
स्टिअरिंगमागे बसली, डोळे मिटले
आणि उजवा हात पुढे करून चाचपत राहिली.
हीटरचं बटण?
पडद्यावर, मी म्हटलं. दुसऱ्या पानावर, डावीकडे.
तिनं डोळे उघडले.
पहाटे सहाला, हातमोजे घालून, हायवेवर
मी पानं उलटू?
मग दार लावलं. उघडलं. पुन्हा लावलं.
आवाज मात्र छान आहे, म्हणाली,
जाडजूड पुस्तक मिटल्यासारखा.

एका बापानं मुलाला मागे बसवलं.
छत तिकडे उतरतं, बाहेरून झोकदार दिसतं,
आत सहा फुटी पोरानं मान खाली घातली
आणि तशीच ठेवली.
धाकटी काचेला नाक लावून
आतल्या भावाला हसत होती.

दुपारी पेरिसबर्गहून एक जोडपं आलं.
तिच्याजवळ शिंप्याचा टेप.
डिकीत वाकून मापं घेतली: दोन मोठ्या बॅगा,
वर कुकरचं खोकं, बाजूला बाबांची घडीची खुर्ची.
माझ्या छातीवर पट्टी "मिनी" अशी,
यामिनी इथे कुणाच्या जिभेवर टिकत नाही,
म्हणून दोघं बिनधास्त मराठीत.
रंग उजळ आहे, तो म्हणाला.
नाकीडोळी नीटस, ती म्हणाली,
पण दात जरा पुढेच आलेत, नाही?

जाळीचं म्हणत होती ती. पुढच्या क्रोमच्या जाळीचं.

मिरज, एकोणनव्वद साल, उकाडा,
बाहेरच्या खोलीत पाच माणसं.
त्यातल्या एका मावशीनं हेच वाक्य
बशीतल्या चहावर फुंकर घालत म्हटलं होतं,
मी आत पोचायच्या आधीच.
त्याआधी, त्या कडेपासून या कडेपर्यंत
चालून दाखव.

मी किल्ली पुढे केली. एक चक्कर मारून बघा.
रेनल्ड्स रोडनं गेले, वीस मिनिटांनी आले.
पिकअप चांगला आहे, गप्प असते, खड्ड्यात कुरकुरत नाही.
मग एकमेकांकडे पाहिलं
आणि इंग्रजीत मला म्हणाले, आम्ही कळवतो.

सावकाश कळवा, मी मराठीत म्हटलं,
घाई नाही.

तिच्या हातातला टेप सर्रकन आत गेला.

सहाला वॉल्टर परत आला. आत नाही आला.
एकवीस हिवाळ्यांची आपली जुनी गाडी
काचेबाहेर आणून उभी केली, नाकासमोर नाक,
आणि दिवे तसेच चालू ठेवून बसून राहिला.
एकदा उगाच वायपर फिरवला.
मग गेला.

मी फडकं घेऊन बोटांचे ठसे पुसले,
हँडलवरचे, पडद्यावरचे, डिकीच्या कडेचे.
मागच्या काचेवर, खाली, नाकाचा एक गोल डाग.
तो राहू दिला.
सोमवारी साहेब ओरडतील.

नोंदवहीसाठी मीटर बघितलं:
एकतीस मैल.
सगळे चालून दाखवण्याचे.
कुठे पोचण्याचा त्यात एकही नाही.

दिवे घालवले.
बाहेरून मीठ फेकणारा ट्रक गेला.