मधली जागा

रात्रीचे दोन. बारी शहरात या वेळेला
समुद्र आणि फ्रीज सोडून कोणी बोलत नाही.
नानुली स्वयंपाकघरात स्टुलावर,
फोनचा उजेड शालीत झाकून:
कुताइसी. एक माणूस. जाण्याचं.

अडतीस युरो.
ती चहा ओतून घेते, तेवढ्यात एकेचाळीस.

रविवारी बागेत म्झियानं शिकवलं होतं,
मंगळवारी बघ, मध्यरात्र उलटल्यावर बघ,
एकच तारीख पुन्हापुन्हा उघडू नकोस,
त्याला गरज कळते.
नानुलीला हे लगेच पटलं.
कुताइसीच्या बाजारात चीज घेताना
ती चीजवालीकडे बघायचीच नाही,
शेजारचे अक्रोड चिवडत राहायची,
मग निघाल्यासारखं करायची.
चार पावलांवर मागून हाक यायचीच.

ती फोन पालथा ठेवते. निघाल्यासारखं करते.
सिंकमधला एक चमचा धुते, पुसते.
परत येऊन बघते तर त्रेचाळीस.
याला हाक मारता येत नाही.

सामानाचं तर विचारूच नका.
चाळीस बाय तीस बाय वीस, एवढ्यात सात वर्षं कोंबायची.
गेल्या खेपेला तिनं दोन कोट घातले, एकावर एक,
खिशांत कॉफीची सहा पाकिटं, बाहीत नातवाचे बूट.
ऑगस्ट महिना होता.
फाटकावरची पोरगी वरून खाली बघत राहिली,
मग म्हणाली, जा.
तिचीही आई कुठेतरी दोन कोटांत घामाघूम असेल.

नावातलं एक अक्षर चुकलं तर पंचेचाळीस युरो.
तिकिटाहून अक्षर महाग!
म्हणून पासपोर्ट मांडीवर घेऊन
ती स्वतःचं नाव बघून बघून लिहिते,
कुणा दुसरीचं असल्यासारखं.

खिडकी अकरा. कडेची नऊ. मधली फुकट.
नानुली नेहमी मधलीच,
दोन परक्या कोपरांमध्ये हात मांडीवर आवळून.
काळा समुद्र तिनं दुसऱ्याच्या कानाआडून पाहिलाय.
एकदा तर नुसता कानच.

आता तारीख.
स्वस्त हवं तर तीन महिने आधी काढायचं.
सिन्योरा नुन्झिया एक्क्याण्णव वर्षांच्या,
डॉक्टर तीन आठवड्यांपलीकडचं बोलत नाहीत.
सतरा ऑक्टोबरवर बोट टेकवताना
त्या बोटाखाली आणखी काय काय येतं,
ते नानुली बघत नाही.
परतीचं हवं का, फोन विचारतो.
तिचं बोट 'नको'च्या जरा वर थांबतं.

"काय भाव?"
दारात सिन्योरा, वॉकर धरून, एकाच पायात मोजा.
"त्रेचाळीस."
"चोर आहेत. खिडकीची घे."
"तिचे अकरा वेगळे पडतात."
"बिस्किटांच्या डब्यात आहेत. औषधवाला थांबेल."

मग म्हणते, "आणि येतानाचं?"

फ्रीज बोलायला लागतो.

"येतानाचं, नानुली."
"नऊ नोव्हेंबरला सत्तावीस आहे."
"मग काढ की. स्वस्त आहे."

एकच चष्मा आळीपाळीनं लावून
दोघी तळाची बारीक अक्षरं वाचतात:
कोणत्याही कारणाने पैसे परत मिळणार नाहीत.
"कोणत्याही?"
"असं लिहिलंय."
सिन्योरा ओठ हलवत पुन्हा एकदा वाचते,
जणू वाणसामानाची यादी तपासतेय.
"येताना मधली चालेल तुला," ती शेवटी म्हणते,
"तिचे अकरा मी देणार नाही."

फोनवर चक्र गरगरतंय.
नानुली फोन तसाच टेबलावर सोडते
आणि दुसरा मोजा शोधायला जाते.