सोपी वाट

पालच्या नाक्यावर वनखात्याची पाटी:
सोपी वाट. नदीकाठाने. अडीच किलोमीटर.
वयस्करांसाठी योग्य.
द्वारका म्हणाली, म्हणजे आपल्यासाठीच की.
आणि हसली नाही.

अकरा वर्षांनी एका जीपमध्ये बसलो होतो,
तेही भाच्याने बसवलं म्हणून.
सावद्यापासून इथवर दोघींच्या मध्ये
भरताच्या वांग्यांची पिशवी.

पुढे सायबू तडवी, हातात काठी,
पायात टायरच्या चपला.
त्याच्यामागे द्वारका. तिच्यामागे मी.
सागाची वाळली पानं पापडासारखी मोडत होती,
वाट इतकी अरुंद
की शेजारी शेजारी चालताच येत नव्हतं.
बरं झालं.
मला नुसती तिची पाठ दिसत होती,
अंबाड्याखाली मानेवर तो जुना वण,
मीच नखाने काढलेला,
एका रिबिनीवरून.

पाठीशी बोलणं सोपं असतं.
म्हटलं, नाल्याकडचा केळीचा बाग विकलास,
मला एकदा सांगायचं तरी.
ती करंजाखाली थांबली.
मागे न बघता म्हणाली,
फोन उचलला असतास?

पाण्यावरून एक खंड्या गेला.
निळं काहीतरी, बघेपर्यंत नाही.

सायबूला वाटलं आम्ही दमलो.
म्हणाला, हे वाट सरकारनं नाही केली, ताई.
म्हशींनी केली.
पाण्याचा वास धरून चालतात,
चढ आला का वळसा घेतात.
म्हैस कधी उगाच दमत नाही.
सरकारनं नुस्ते दगड रंगवले.

मग बराच वेळ आम्ही दोघी
म्हशींच्या अकलेने चालत राहिलो.

सादड्यांच्या मुळांशी नदी आली.
नाव सुकी, आणि पाणी पोटरीपर्यंत, गारेगार.
दृष्ट लागू नये म्हणून ठेवलं असेल, मी म्हटलं,
पोराला धोंड्या म्हणतात तसं.
आई नाही का तुला मुकी म्हणायची,
आणि तू झोपेतसुद्धा बडबडायचीस.
द्वारका दगडावर एक पाय ठेवून उभी.
लागलं ना शेवटी नाव, म्हणाली,
अकरा वर्षं.

मग तिने हात मागे केला,
तसाच, न बघता.
मी आधी वांग्यांची पिशवी दिली.
मग हात.

पलीकडे भाचा पऱ्हाट्या पेटवून बसला होता,
मिरच्या, लसूण, कळण्याच्या भाकरी,
तेल मात्र घरीच विसरला.
त्यावरून आम्ही दोघी त्याला
एका सुरात बोललो.
वांग्यांची सालं सोलताना बोटं भाजली,
दोघींनी एकदमच पाण्यात बुडवली.
बागेचं पुन्हा कोणी काढलं नाही.
मिटलं असंही नाही.

ऊन सादड्यांच्या शेंड्यांवर गेलं तेव्हा निघालो.
ती लुगडं झटकून उठली,
वाटेच्या तोंडाशी बाजूला सरकली.
आता तू हो पुढे, म्हणाली.
मघापासून माझीच पाठ बघतेयस.